मर्दखयचं नाव वहीत लिहिलं गेलं आणि तिथेच राहिलं

हे प्रकरण मी अशा लोकांसाठी लिहितेय ज्यांनी वर्षानुवर्षं मनापासून सेवा केलीय आणि ज्यांचं साधं नावही कधी कुणी घेतलं नाही. अशा माणसाला आपण पटकन सांगतो की देव बघतोय ना, मग सोडून दे. ते खरंच आहे, पण एका वाक्यात सांगितलं की ते ऐकणाऱ्याच्या दुखण्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून एकच माणूस घेऊन त्याची परिस्थिती सावकाश बघूया असं ठरवलं. माणूस म्हणजे मर्दखय, जुन्या करारातल्या एस्तेरच्या पुस्तकातला. या पुस्तकावर बोलताना आपण बहुतेक वेळा एस्तेरवर बोलतो, आणि मर्दखयवर बोललोच तर थेट सहाव्या अध्यायातल्या घोड्यावरच्या मिरवणुकीवर उडी मारतो. मला त्या मिरवणुकीच्या आधीची वर्षं बघायचीयत, कारण आपल्यातले बहुतेक जण तिथेच उभे असतात.

या पुस्तकातलं किती जसंच्या तसं घडलं यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, तो इथे सोडवायचा नाहीये. पुस्तक जे सांगतं त्यातून एका विसरलेल्या सेवकाची परिस्थिती समजून घ्यायची, एवढंच.

काय घडलं

अहश्वेरोश हा पर्शियाचा राजा, बहुतेक अभ्यासक त्याला ग्रीक इतिहासातला झर्क्सीस मानतात, म्हणजे राज्यकाळ इसवी सनापूर्वी ४८६ ते ४६५. पुस्तकात त्याचं राज्य १२७ प्रांतांचं आहे आणि दरबार शूशन इथे. मर्दखय बन्यामीन वंशातला यहूदी, बंदिवान करून आणलेल्या लोकांच्या कुळातला, आणि त्याने आपल्या काकांची पोरकी मुलगी हदस्सा म्हणजेच एस्तेर हिला स्वतःची मुलगी म्हणून वाढवलेलं. राजाच्या सातव्या वर्षी, दहाव्या महिन्यात, एस्तेरला राजाकडे नेलं गेलं आणि ती राणी झाली.

त्यानंतर कधीतरी मर्दखय राजाच्या दरवाजात बसलेला असताना बिग्थान आणि तेरेश नावाच्या, दारावर पहारा करणाऱ्या दोन खोजांनी राजाला मारायचा कट केला. मर्दखयला ते कळलं, त्याने एस्तेरला सांगितलं, एस्तेरने मर्दखयच्या नावाने राजाला सांगितलं, चौकशी झाली, खरं निघालं, दोघांना फाशी दिली. ही गोष्ट राजासमोर इतिहासाच्या वहीत लिहिली गेली. आणि दुसरा अध्याय तिथे संपतो.

तिसऱ्या अध्यायाचं पहिलंच वाक्य असं आहे की या गोष्टींनंतर राजाने हामानला बढती दिली आणि सगळ्या सरदारांच्या वर बसवलं. वाचताना इथे थांबायलाच होतं. जीव वाचवला एकाने, पुढच्याच ओळीत खुर्ची मिळाली दुसऱ्याला, आणि हामानने असं काय केलं होतं ते पुस्तक सांगतसुद्धा नाही. ज्यांनी संस्थेत कधी काम केलंय त्यांना हे दोन अध्याय एकमेकांना लागून ठेवलेले बघून काय वाटतं ते मी वेगळं सांगायची गरज नाही.

चूक कुठे झाली

आधी हे स्पष्ट करायला हवं की मर्दखयला काही न मिळणं ही त्या दरबाराच्या रीतीप्रमाणे सरळसरळ चूक होती. आपण नम्रतेवर बोलतो तेव्हा हे गाळून टाकतो आणि मग विसरणारे अलगद सुटतात. पर्शियन राजे उपकार करणाऱ्यांची यादी ठेवायचे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस त्याच्या इतिहासाच्या आठव्या भागात सांगतो की इसवी सनापूर्वी ४८० साली ग्रीकांविरुद्धच्या सलामीसच्या समुद्री लढाईत झर्क्सीस डोंगराच्या पायथ्याशी बसून बघत होता आणि कुणी पराक्रम केला की तो कोण ते विचारायचा, मग लेखनिक त्या कप्तानाचं नाव, बापाचं नाव, गाव सगळं लिहून घ्यायचे. त्याच लढाईतल्या सामोस बेटावरच्या एका कप्तानाला राजाचा उपकारकर्ता म्हणून यादीत घेतलं आणि भरपूर जमीन दिली, दुसऱ्याला तर सामोसचा कारभारच दिला. म्हणजे ही यंत्रणा होती, चालू होती, त्यात लढाईतल्या कप्तानांची नोंद व्हायची आणि बक्षीसही निघायचं.

मर्दखयच्या बाबतीत अर्धं काम झालं. नोंद झाली, बक्षीस निघालंच नाही. का, ते पुस्तक सांगत नाही, आणि मला वाटतं न सांगणं बरोबरच आहे, कारण बऱ्याचदा खरंच काही कारण नसतं, कुणी मुद्दाम डावललेलं नसतं, दुसरं काहीतरी महत्त्वाचं निघतं आणि ती गोष्ट मागे पडते ती पडतेच. आणि हेच जास्त लागतं ना, कारण शत्रू असेल तर निदान रागवायला कुणीतरी असतं.

यातली एक बारीक गोष्ट सहाव्या अध्यायात आहे. राजा विचारतो की याबद्दल मर्दखयला काय मान दिला, काय मोठेपण दिलं, आणि सेवक तिथल्या तिथे उत्तर देतात की त्याच्यासाठी काहीच केलेलं नाही. कुणी वही चाळली, कुणाला विचारायला पाठवलं, असं काही तिथे नाही. म्हणजे आजूबाजूच्या लोकांना माहीत होतं. बऱ्याच ठिकाणी असंच असतं, काम कुणाला दिसत नाही असं नसतंच, दिसतं सगळ्यांना, फक्त तोंड उघडायचं कुणी हा प्रश्न असतो.

मधली वर्षं

हामानने यहुद्यांचा नाश करायचा दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या त्या राजाच्या बाराव्या वर्षी, पहिल्या महिन्यात. एस्तेर राणी झाली सातव्या वर्षी. कट नेमका कधी झाला ते दिलेलं नाही, त्यामुळे मर्दखय किती काळ विसरलेला होता हे नक्की सांगता येत नाही, पण तो चार वर्षांच्या आसपासपर्यंतही असू शकतो. एवढा काळ तो काय करत होता?

तो दरवाजात बसत होता. आपल्या कामाच्या जागी. ते काम नेमकं काय होतं यावर वेगवेगळी मतं आहेत, पण राजाचा दरवाजा म्हणजे कारभार चालायची जागा, तिथे बसणं ही काही रिकामी बैठक नव्हे. ज्या दरवाजातून त्याने कट ऐकला त्याच दरवाजात तो नंतरही होता, आणि ज्या राजाचा जीव त्याने वाचवला त्याची ये-जा त्याच वाड्यात चाललेली.

आणि त्याच्याकडे अजून एक पत्ता होता जो त्याने कधी टाकला नाही. राणी त्याची मुलगी होती, वाढवलेली का होईना. पण त्यानेच एस्तेरला सांगितलं होतं की तुझे लोक कोण, तुझं कूळ काय, हे सांगू नकोस, आणि राजाला हे नातं थेट आठव्या अध्यायात कळतं. राणी व्हायच्या आधी एस्तेरला ठेवलं होतं त्या स्त्रियांच्या वाड्याच्या अंगणासमोरून तो रोज फेऱ्या घालायचा, ती बरी आहे ना, तिचं काय चाललंय, एवढं कळावं म्हणून. हे दुसऱ्या अध्यायातलं वाक्य मला फार आवडतं. त्याची मोठी सेवा, जीव वाचवण्याची, वहीत गेली. ही रोजची फेरी कुठल्याच वहीत गेली नसणार, आणि ज्या माणसाने ती घातली त्याच माणसाच्या कानावर कट आला. न दिसणारी कामं करायची त्याला आधीपासून सवय होती, आणि मला वाटतं पुढे जे तो झेलू शकला त्याचं मूळ इथे आहे.

मग हामान आला आणि दरवाजातल्या सगळ्यांनी त्याला वाकून नमस्कार करायचा हुकूम निघाला. मर्दखय वाकला नाही. सोबतचे लोक रोज विचारायचे की तू राजाचा हुकूम का मोडतोस, तो ऐकायचा नाही, त्याने त्यांना एवढंच सांगितलेलं की मी यहूदी आहे. आता इथे नीट बघा. त्याला स्वतःचा बचाव करायचा होता तर सगळ्यात सोपं वाक्य हेच होतं की अरे मी राजाचा जीव वाचवलाय, वही काढून बघा. पुस्तकात तो हे वाक्य कुठेच म्हणत नाही. दरवाजातल्या लोकांना नाही, हामानला नाही. नंतर याच रागातून हामानने सगळ्या यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम काढवला तेव्हाही नाही, आणि तेव्हा तर हक्कच होता.

तो हुकूम निघाला तेव्हा तो गप्प बसला नाही हे मात्र लक्षात ठेवा, कारण नम्र माणूस म्हणजे तोंडातून शब्द न काढणारा असा एक गैरसमज आपल्यात घट्ट बसलाय. त्याने कपडे फाडले, गोणपाट नेसला, राख घातली, आणि नगराच्या मध्यभागी जाऊन मोठ्याने आक्रोश केला. एस्तेरने चौकशीला तिच्या सेवेतल्या हथाक नावाच्या खोजाला पाठवलं तेव्हा हामानने राजाच्या खजिन्यात नेमकी किती चांदी भरायचं कबूल केलंय ती रक्कम सांगितली, हुकुमाची प्रत हातात दिली. आधीच्या अध्यायात ती रक्कम १०,००० किक्कार (वजनाचं एक जुनं मोठं माप) चांदी अशी आहे. रडत असलेला माणूस आकडा आणि कागद बरोबर ठेवून होता. आक्रोश स्वतःच्या लोकांसाठी होता, आणि त्या सगळ्या आक्रोशात स्वतःचं राहिलेलं बक्षीस कुठेही आलं नाही.

हा आक्रोश अजून एका कारणाने जड आहे. ज्या राजाला त्याने वाचवलं त्याच राजाच्या अंगठीने तो हुकूम मोहोरबंद झाला होता. आपण प्रामाणिकपणे सेवा केली आणि तिचा फायदा ज्याला झाला त्याच्याच हाताने आपल्या घरावर संकट आलं, यापेक्षा कडू काय असणार. कट कळला तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, हा विचार कुठल्याही माणसाला शिवेल. मर्दखयला शिवला की नाही ते आपल्याला माहीत नाही, पुस्तक त्याच्या मनात शिरतच नाही, आणि त्याच्या तोंडी मी माझ्या मनाने समाधान घालणार नाही. त्याला वाईट वाटलंही असेल. मला जे दिसतं ते एवढंच की त्याने ती सेवा परत मागितली नाही.

एस्तेरला दिलेला निरोप

मर्दखयची नम्रता मला सगळ्यात स्पष्ट दिसते ती चौथ्या अध्यायात, आणि ती शांत, गोड वगैरे अजिबात नाहीये. एस्तेर घाबरून कळवते की न बोलावता राजासमोर गेलं तर मरणाची शिक्षा आहे. तो उत्तर पाठवतो की तू आता गप्प राहिलीस तर यहुद्यांची सुटका दुसरीकडून होईलच, आणि कुणास ठाऊक, अशाच वेळेसाठी तू राणीपदाला पोचली असशील. या निरोपाचा दुसरा अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, प्रवचनांत तोच येतो. मला पहिला अर्धा जास्त महत्त्वाचा वाटतो. सुटका दुसरीकडून होईल. म्हणजे राणीवाचूनसुद्धा काम अडणार नाही असं तो राणीला, स्वतः वाढवलेल्या पोरीला सांगतोय. जो माणूस असं मानतो त्याने स्वतःबद्दलही तेच मानलेलं असणार ना, की माझ्यावाचून अडत नव्हतं, मला फक्त त्या दिवशी तिथे असायला मिळालं.

सेवा करणाऱ्याला जे सगळ्यात खोलवर पोखरतं ते नुसतं कौतुक न मिळणं नसतं, माझ्यामुळे चाललंय आणि तरी मला विचारत नाहीत हे असतं. त्यातला माझ्यामुळे चाललंय हा भाग मर्दखयच्या बोलण्यात सापडत नाही. त्याचा विश्वास कामाच्या मालकावर होता.

मग एस्तेर त्याला सांगते की सगळ्या यहुद्यांना गोळा कर, तीन दिवस उपास करा, आणि अध्याय या वाक्यावर संपतो की मर्दखय गेला आणि एस्तेरने सांगितलं तसं त्याने केलं. ज्याने तिला लहानाची मोठी केली, जिने आजवर त्याचं ऐकलं, तो आता तिचं ऐकतो. एका ओळीत झालंय आणि सहज झालंय, म्हणून आपल्या नजरेतून सुटतं. मंडळीत आपणच शिकवलेला एखादा तरुण आपल्यापुढे जातो आणि आपल्याला काम सांगायला लागतो तेव्हा पोटात काय होतं ते आठवा आणि मग ही ओळ परत वाचा.

हामानकडे सगळं होतं

पुस्तक शेजारी हामानला उभं करतं. पाचव्या अध्यायात तो घरी येतो, मित्रांना आणि बायको जेरेशला बोलावतो आणि सांगत बसतो, माझी संपत्ती किती, मुलं किती, राजाने मला कसं वर चढवलं, राणीने फक्त राजाला आणि मलाच मेजवानीला बोलावलंय. आणि लगेच म्हणतो की तो यहूदी मर्दखय दरवाजात बसलेला दिसतो तोवर या सगळ्याचं मला काहीच नाही. साऱ्या दरवाजातले लोक वाकत होते, एक जण वाकत नव्हता, आणि त्या एका न वाकलेल्या मानेने बाकी सगळ्याची चव घालवली. मग बायको आणि मित्रांच्या सल्ल्याने मर्दखयला लटकवायला पन्नास हात उंच खांब उभा करून घेतला.

एकाला हक्काचं मिळालं नाही आणि तो उभा राहिला, दुसऱ्याला हक्कापेक्षा कितीतरी जास्त मिळालं आणि त्याला झोप नाही. हे बघितल्यावर मला मानाची गोष्टच वेगळी दिसायला लागली. आपल्याला वाटतं एकदा योग्य ती दखल घेतली गेली की आतली टोचणी जाईल. हामानची गेली नाही. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू लोकांनी बघावं म्हणून दानधर्म करणाऱ्यांबद्दल म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय. हामानला मिळून चुकलं होतं, रोज मिळत होतं, आणि ते टिकतच नव्हतं.

आता इथे एक रास्त प्रश्न येतो. मर्दखयही वाकला नाही की, मग तो गर्विष्ठ कसा नाही? हा प्रश्न जुना आहे, इतका जुना की या पुस्तकाच्या ग्रीक आवृत्तीत जी जादाची भर आहे तिच्यात मर्दखयची एक प्रार्थना घातलीय आणि त्यात तो देवाला सांगतो की मी हे उद्धटपणाने, गर्वाने किंवा मानाच्या हव्यासाने केलं नाही, इस्राएल वाचणार असेल तर मी हामानच्या तळपायाचं चुंबनही घेतलं असतं. हिब्रू पुस्तकात ही प्रार्थना नाही. पण ज्यांनी ती लिहिली त्यांना बरोबर जागा कळली होती असं मला वाटतं, की स्वतःच्या मानासाठी ताठ राहणं आणि देवाच्या मानासाठी ताठ राहणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. फरक कळतो तो माणूस स्वतःच्या बाबतीत काय सोडून देतो त्यावरून. मर्दखयने स्वतःचं बक्षीस सोडलं, त्यामुळे हामानसमोरच्या ताठपणाबद्दल मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

त्याच ग्रीक भरीत अजून एक बदल आहे. तिथे सुरुवातीलाच, कट उघड झाल्याबरोबर, राजा मर्दखयला दरबारात नेमतो आणि बक्षीस देऊन टाकतो. म्हणजे कुणालातरी ही मधली रिकामी वर्षं सहनच झाली नसावीत असं मला वाटतं, आणि मी त्यांना समजू शकते. पण हिब्रू पुस्तक ती जागा रिकामी ठेवतं, आणि विसरलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसतो तो तिथेच.

घोडा, आणि घोड्यावरून उतरल्यावर

त्या रात्री राजाला झोप येईना, त्याने वही वाचायला सांगितली, मर्दखयची नोंद निघाली, आणि हामान खांबाची परवानगी मागायला नेमका तेव्हाच अंगणात आला. राजाने विचारलं की राजाला ज्याचा गौरव करायचाय त्याच्यासाठी काय करावं, हामानला वाटलं माझ्याशिवाय कोण, आणि त्याने राजाचा पोशाख, राजाचा घोडा, मुख्य सरदाराने चौकातून ललकारी देत फिरवावं असं सगळं सुचवलं. ते सगळं त्याला मर्दखयसाठी करावं लागलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती सांगताना सांगणाऱ्याचा आवाज चढतो.

आणि इथेच मला काळजी वाटते. ही मिरवणूक विसरलेल्या सेवकांना वचन म्हणून वाटली जाते, की थांब, तुझाही घोडा येतोय. बहुतेकांचा येत नाही. राजाला झोप लागते आणि वही बंदच राहते. तीस वर्षं आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसलेली बाई जाते आणि तिच्या अंत्यविधीला पाळकही नवीन असतो, तिला न ओळखणारा. तिला घोड्याचं वचन दिलं तर आपण तिला फसवलं, आणि घोडा आला नाही की ती समजणार की माझीच सेवा कमी पडली किंवा देवच विसरला.

म्हणून माझ्या मते या प्रकरणातलं प्रतिफळ घोडा नाहीच. मिरवणूक संपल्यावर सहाव्या अध्यायात एक छोटं वाक्य आहे की मर्दखय पुन्हा राजाच्या दरवाजात आला. हामान डोकं झाकून, शोक करत घरी पळाला. एकच मिरवणूक, एकाला तिने मोडलं आणि दुसऱ्याला तिने हलवलंसुद्धा नाही. पोशाख उतरला आणि तो आपल्या जागी येऊन बसला, अजून कत्तलीचा हुकूम डोक्यावर होता, काम बाकी होतं. मान मिळाला नाही तेव्हा तो तिथे होता आणि मिळाला तरी तिथेच. ही मोकळीक त्या राजाने दिलेली नव्हती आणि त्याला काढूनही घेता आली नसती. मला आध्यात्मिक प्रतिफळ म्हणतात ते इथे दिसतं, ज्या बाईचा घोडा कधी आला नाही तिलाही हे मिळू शकतं, आणि मरणापलीकडचं जे आहे ते इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, की तुमचं काम आणि पवित्र जनांची केलेली सेवा विसरून जायला देव अन्यायी नाही. तिथली वही झोपेवर अवलंबून नाही.

अजून एक गोष्ट, जी मला या पुस्तकात सगळ्यात जास्त धीर देते. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. झोप उडाली, वहीचं तेच पान निघालं, हामान त्याच घडीला आला, आणि कुठेही लिहिलेलं नाही की हे कुणी केलं. ज्या देवासाठी आपण न दिसता काम करतो तोही इथे न दिसताच काम करतोय, सगळी सुटका करून स्वतःचं नाव न लावता. मग न दिसणाऱ्या कामात आपण त्याच्यापासून लांब नसतो, उलट त्याच्या अगदी जवळ असतो.

दुसऱ्यांनी काय करायचं

हे सगळं त्या सेवकासाठी झालं. बाकीच्यांसाठी उदाहरण एस्तेरचं आहे. तिला कटाची बातमी स्वतःची म्हणून सांगता आली असती, नवी राणी होती, राजाच्या नजरेत भर पडली असती, मर्दखयने तक्रारही केली नसती. तिने त्याचं नाव घेतलं. यहुदी परंपरेत याला इतकं मोल आहे की पिर्के आवोत या जुन्या धर्मगुरूंच्या वचनसंग्रहाच्या सहाव्या अध्यायात, एस्तेरचं हेच वचन पुढे करून म्हटलंय की जो ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या नावाने सांगतो तो जगात सुटका आणतो. आणि ते अक्षरशः झालं, तिने नाव घेतलं नसतं तर वहीत मर्दखय नसता, आणि त्या रात्री वाचायला काही नसतं. त्यामुळे कुणाची सेवा विसरली गेलीय असं तुम्हाला माहीत असेल, आणि राजाच्या त्या सेवकांसारखं आपल्याला नेहमी माहीत असतंच, तर त्या माणसाला नम्रतेचा उपदेश करायच्या आधी ज्याला सांगायला हवं त्याला त्याचं नाव सांगा. नम्रता त्याने त्याच्याकडे ठेवायची, ती आपण त्याच्याकडून मागायची नाही.

आणि जो विसरला गेलाय त्याने कधीच बोलू नये असंही या प्रकरणातून निघत नाही. कामाचं ओझं एकट्यावर पडत असेल, कुणी आपलं काम स्वतःच्या नावावर खपवत असेल आणि त्याने इतरांचं नुकसान होत असेल, तर बोलावं, आकडा आणि कागद घेऊन बोलावं, मर्दखयने तसंच केलं. फक्त बोलताना स्वतःला एकदा विचारून घ्यावं की हे कुणासाठी बोलतोय.

पुढे मर्दखयला राजाची अंगठी मिळाली, निळा-पांढरा राजेशाही पोशाख मिळाला, राजाच्या खालोखाल दुसरं पद मिळालं. शेवटच्या अध्यायांत जो रक्तपात आहे, ७५,००० माणसं मारल्याचा उल्लेख आहे, तो फार जड विषय आहे आणि त्याला वेगळंच लिखाण हवं. इथे एवढंच बघू की हातात सत्ता आल्यावर त्याने अदार महिन्याच्या १४ आणि १५ तारखा पाळायला सांगणारी पत्रं पाठवली, आणि त्यात एकमेकांना ताटं पाठवणं आणि गरिबांना देणग्या देणं घातलं. त्या सणाला नाव पडलं ते हामानच्या चिठ्ठ्यांवरून, पूरीम. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात त्या दिवसाला मर्दखयचा दिवस म्हटलेलं आढळतं, पण रूढ झालं ते पूरीमच.

आणि तेव्हाही सगळ्यांनी त्याला मानलं नाही. ताल्मूद या यहुदी धर्मगुरूंच्या ग्रंथाच्या मेगिल्ला या भागात म्हटलंय की सन्हेद्रीन म्हणजे यहुद्यांच्या धर्मसभेतले काही जण त्याच्यापासून दूर झाले, त्यांना वाटलं हा दरबारी कारभारात पडला आणि याचा शास्त्राचा अभ्यास मागे राहिला. म्हणजे ज्या लोकांसाठी तो राखेत बसला त्यांच्यातल्याच काही मोठ्या माणसांनी त्याला कमी धरलं, आणि तेही सगळं मिळाल्यानंतर. एस्तेरच्या पुस्तकाचं शेवटचं वचन तरी एवढंच सांगतं की तो आपल्या लोकांचं भलं बघत राहिला आणि त्यांच्या सगळ्या वंशाच्या हिताचं बोलत राहिला.